चाळणीवर राहिलेली माती

अहिल्यानगर जिल्ह्यात खाण म्हटली की दगडखाण. वर कुठे हातभर, कुठे वीतभर माती, तिच्याखाली मुरूम आणि मग काळा बेसाल्ट. खडी क्रशरवाल्याच्या लेखी वरचे दोन थर म्हणजे अडगळ. मुरूम भरावाला जातो, माती कुठेतरी ढकलली जाते. खाण संपली की 'झाडे लावू' म्हणायला सगळे पुढे येतात, पण ती लावायची कशात?

माती तपासून घ्यावी, हे सांगणं सोपं आहे. मात्र प्रयोगशाळेत नमुना दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गाळला जातो. सामू, क्षार, सेंद्रिय कर्ब हे सारे आकडे चाळणीखाली पडलेल्या मातीचे. ढिगाऱ्यात निम्मे दगड असले, तरी अहवाल देखणा येऊ शकतो. झाडाला मात्र दगडांसकट सगळा ढीग पदरात घ्यावा लागतो. पर्जन्यछायेतल्या या जिल्ह्यात पाणी धरून ठेवणारी बारीक माती किती, हा पहिला प्रश्न, नत्र-स्फुरदाचा नंतरचा. म्हणून चाळणीवर राहिलेल्या दगडगोट्यांचं वजन अहवालात आलंच पाहिजे.

कोळसा खाणींच्या ढिगाऱ्यात गंधकयुक्त खनिज असलं, तर हवापाणी लागून आम्ल तयार होतं. आपल्याकडे भीती उलटी, चुनखडीची. सामू आठच्या वर, मुक्त चुना भरपूर, मग जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. उसाची पानं पिवळी पडून केवडा आलेला पाहिलेल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. अशा ढिगावर रोप निवडताना रोपवाटिकेत काय शिल्लक आहे, हा निकष नसावा.

नुसती काळी माती पसरणं हाही उपाय नव्हे. कातळाच्या तळावर ती पावसात पाणी तुंबवते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात मुरूम मिसळला तर निचरा सुधारतो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत तलावातला गाळ मुरमाड रानांवर पडला. बंद खाणींसाठीही तो विचारात घेण्याजोगा आहे, पण क्षार तपासूनच.

विदर्भात मॉइल कंपनीच्या गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेने हिरवळ उभी केली. साखर कारखान्यातलं प्रेसमड, रायझोबियम आणि अॅझोटोबॅक्टर हे जिवाणू, मुळांशी राहणारी मायकोरायझा बुरशी आणि साजेशी झाडं, अशी ती जोडणी होती. प्रवरानगरपासून सहकारी साखर कारखान्यांचा वारसा सांगणाऱ्या जिल्ह्याला प्रेसमडसाठी लांब जावं लागणार नाही.

आपल्याकडे अडतं ते त्याच्याही आधी. खाणपट्ट्याच्या नकाशात दगड दिसतो, पण वरच्या मातीचा ढीग कुठे, किती उंच, हे विचारायला हवं. माती आणि मुरूम वेगळे रचावेत, मातीचा ढीग बुटका ठेवावा. उंच ढिगात आतली माती हवेवाचून मरते. पहिल्या पावसाला त्यावर ताग किंवा धैंचा टाकला, तर ती वाहूनही जात नाही आणि परत पसरायच्या वेळेपर्यंत जिवंत राहते.