मराठी आडनावं आली कुठून? ‘कर’, ‘नीस’ आणि शाळेच्या दाखल्याची गोष्ट

“आडनाव काय तुमचं?” लग्नाच्या पंगतीत, रेल्वेच्या डब्यात किंवा भाड्याने घर बघायला गेल्यावर हा प्रश्न ठरलेला. उत्तर दिलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, “म्हणजे मूळचे कुठले?” पहिल्या प्रश्नात कुतूहल असतं. दुसऱ्यात बरेचदा जात चाचपून पाहायची असते, हे आपल्याला सगळ्यांनाच माहीत आहे.

पण आडनावावरून माणसाचं मूळ खरंच कळतं का? थोडंफार कळतं. मात्र आपण समजतो ते मूळ फारसं नाही. याचं कारण असं की बरीच मराठी आडनावं आपल्याला वाटतात तितकी जुनी नाहीत, आणि ती ठरली त्या वेळी घरातल्या कुणी फार विचार करून ठरवलेलीही नाहीत.

पेशव्यांचंच पाहा. बाळाजी विश्वनाथ, बाळाजी बाजीराव. स्वतःचं नाव, पुढे वडिलांचं नाव, झालं. या घराण्याचं आडनाव भट आणि गाव श्रीवर्धन, पण १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद मिळालं आणि पद हीच घराण्याची ओळख बनली. जुन्या मोडी कागदांत ‘अमुक बिन तमुक’ अशी नोंद सारखी दिसते. यातला ‘बिन’ अरबीतून आलेला, त्याचा अर्थ मुलगा. पुढे गाव, हुद्दा किंवा जात लिहिली की लिहिणाऱ्याचं काम भागायचं. शब्दच बघा ना, आडनाव! आडवाटेतला जो ‘आड’, तोच इथे. मुख्य रस्ता म्हणजे तुमचं नाव, आणि हे बाजूचं.

‘कर’ कुणाला लागतो?

मराठी आडनाव म्हटलं की आधी ‘कर’ आठवतो. तेंडोलीचे ते तेंडुलकर, बांदोड्याचे ते बांदोडकर, वेंगसरचे ते वेंगसरकर. यात एक साधी गोष्ट आपण विसरतो. गावात सगळेच त्या गावचे असतात, त्यामुळे तिथे एकमेकांना गावाच्या नावाने हाक मारून उपयोग नसतो. माणूस गाव सोडून दुसरीकडे जातो तेव्हा तिथले लोक त्याला त्याच्या गावावरून ओळखू लागतात. म्हणजे ‘कर’ हा बहुतेक वेळा स्थलांतराचा पुरावा असतो. तुमचे पूर्वज कुठे राहत होते एवढंच तो सांगत नाही, त्यांनी ते ठिकाण कधीतरी सोडलं हेही सांगतो.

कधी गावाचं नाव मुद्दाम उचललं जातं. मास्टर दीनानाथ गोव्यातल्या मंगेशीचे. घराण्याचं आधीचं आडनाव हर्डीकर होतं, पण दीनानाथांनी गावावरून मंगेशकर लावलं. आज अवघ्या देशाला ठाऊक असलेलं हे आडनाव लताबाईंच्या फक्त एक पिढी आधीचं आहे.

आणि ‘कर’वरून धर्म कळतो असं वाटत असेल, तर अलिबाग-पेण भागातले बेने इस्रायल लोक बघा. कोकणात शेकडो वर्षं राहिलेला हा ज्यू समाज. तेलाचे घाणे चालवायचा आणि शनिवारी काम बंद ठेवायचा, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांची आडनावं पेणकर, रोहेकर, चेऊलकर, किहीमची माणसं केहिमकर. पुढे यातले बरेच जण इस्रायलला गेले आणि रायगड जिल्ह्यातली ही गावं त्यांच्याबरोबर तिकडे पोहोचली. कोकणी मुसलमानांमध्येही पारकर आहेत.

चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या पट्ट्यात ‘कर’च्या जोडीला ‘वार’ भेटतो. मुनगंटीवार, वडेट्टीवार वगैरे. तेलुगूत आदराने ‘वारू’ म्हणतात, त्याचा हा शेजार.

नोकरी गेली, पाटी राहिली

दुसरा मोठा गट हुद्द्यांचा. यात फारसीची बरीच भर आहे. फारसीत ‘नविस’ म्हणजे लिहिणारा. त्यावरून फडणवीस, चिटणीस, पारसनीस (फारसी पत्रव्यवहार बघणारे), पोतनीस (पोते म्हणजे खजिना). शिवकाळात किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे अधिकारी असत. सबनीस हजेरी आणि हिशेब बघे, कारखानीस कोठारातला साठा. आज ही तिन्ही आडनावं आहेत. नाना फडणवीस मूळचे भानू. बाळाजी जनार्दन भानू हे नाव किती जणांना आठवतं?

गावपातळीवर पाटील, कुलकर्णी. परगण्याच्या पातळीवर देशमुख, देशपांडे. पाटील गावाचा कारभार बघायचा आणि कुलकर्णी त्याचे कागद लिहायचा. हेच काम देशमुख-देशपांडे परगण्यासाठी करायचे. १९५० च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतनं रद्द झाली, पुढे मुलकी पाटीलकीही गेली. आडनावं मात्र कुणी परत केली नाहीत! पाटील मराठा आहेत, आगरी आहेत, कोळी, लेवा, जैन, लिंगायतही आहेत. हुद्दा ज्याच्याकडे होता तो पाटील. म्हणूनच लग्न जुळवताना “पाटील, पण मूळचे पवार” असला खुलासा करावा लागतो. बरेचदा वतन सांभाळणारी शाखा पाटील लावते आणि बाकीचे भाऊबंद जुन्या आडनावावरच राहतात.

घोरपडे आणि तानाजी

आडनावांचे अर्थ सांगणारे मेसेज फोनवर सारखे फिरत असतात. त्यातला एक आवडता किस्सा म्हणजे तानाजी मालुसऱ्यांनी सिंहगडावर घोरपड लावली आणि त्यावरून घोरपडे आडनाव आलं. सिंहगडाची लढाई १६७० ची. मुधोळच्या बाजी घोरपड्यांचं नाव तर १६४८ मध्ये शहाजीराजांच्या कैदेच्या प्रकरणात येतं. म्हणजे आडनाव लढाईच्या आधीपासून होतं. घोरपडीने कडा चढण्याची कथा त्या घराण्यातही सांगितली जाते, ती वेगळी आणि जुन्या काळातली. गायकवाडांचीही अशीच. गाईंना कवाडातून आत घेऊन वाचवलं, म्हणून गायकवाड. ऐकायला छान आहे. पण शब्द फोडून त्यावर गोष्ट रचणं सोपं असतं, म्हणून अशा कथा जरा हात राखूनच घ्याव्यात.

काही आडनावांत भाषेचा प्रवास खरोखर दिसतो. संस्कृतातला ‘य’ बोलीत ‘ज’ होतो. यात्रेची जत्रा झाली, तसा यादवचा जाधव. मौर्यचा मोरे, कदंबचा कदम, शिलाहारचा शेलार, चालुक्यचा साळुंखे. पण शब्द राजघराण्यातून आला म्हणजे रक्तही तिथूनच आलं, असं ठरत नाही. आश्रित, सैनिक, त्या मुलखातली प्रजा, कुणीही ते नाव उचललेलं असू शकतं. जाधव, शिंदे, मोरे, गायकवाड ही आडनावं मराठ्यांत आहेत, दलितांत आहेत, भटक्या आणि इतर मागास समाजांतही आहेत. आडनावावरून जात ओळखली असं म्हणणारा माणूस निम्म्या वेळा अंदाजच मारत असतो.

कारकुनाच्या लेखणीखाली

मग आडनाव पक्कं कधी झालं? इंग्रजी अमलात शाळा, पलटण, कोर्ट आणि जमिनीची दप्तरं आली, आणि प्रत्येकाच्या नावापुढे एक रकाना भरावा लागला. त्या दिवशी जे सांगितलं किंवा कारकुनाला जे ऐकू आलं, ते पुढच्या पिढ्यांना चिकटलं.

जोतीराव फुल्यांचं घराणं साताऱ्याकडच्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. आजोबा शेटिबा पुण्यात आले. त्यांच्या मुलांनी पेशव्यांना फुलं पुरवायला सुरुवात केली आणि ते फुले झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ. गाव मंडणगडजवळचं आंबडवे, म्हणून आंबडवेकर, आणि शाळेच्या दप्तरात आंबेडकर. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत त्यांचा प्रवेश झाला. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. ज्या दोन आडनावांनी महाराष्ट्राचा सामाजिक इतिहास बदलला, ती त्यांच्या घरात एक-दोन पिढ्यांपेक्षा जुनी नव्हती.

त्या रकान्याचं महत्त्व अजून संपलेलं नाही. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा तालुक्या-तालुक्यातले मोडी कागद बाहेर निघाले. त्यांत पुष्कळदा फक्त नाव, बापाचं नाव आणि जात. आडनावाची जागा कोरी. आजच्या आडनावाच्या माणसाने त्या कोऱ्या जागेशी आपलं नातं सिद्ध करायचं, तर मधली सगळी वंशावळ जोडावी लागते. शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनाने काय लिहिलं, यावर आजच्या मुलाचा दाखला अडू शकतो.

हा रकाना अजूनही बदलतोय. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आपलं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम राज्य सरकारने ठरवला. ज्यांना आडनावच नको आहे, असेही लोक राजपत्रात जाहिरात देऊन ते काढून टाकतात.

तुम्हाला स्वतःच्या आडनावाचा माग काढायचा असेल तर शब्दाचा अर्थ शोधत बसण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना कुलदैवत कोणतं आणि ते कुठल्या गावचं, हे विचारा. माणसं गाव सोडतात, आडनाव बदलतात, पण कुलदैवताला जाणं सहसा सोडत नाहीत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत तुमच्या खापरपणजोबांचं नाव सापडू शकतं. दक्षिण महाराष्ट्रात अजूनही सजवलेला बैल घेऊन हेळवी दारात येतात आणि घराण्याची वंशावळ वाचून दाखवतात. पुढच्या वेळी आले तर त्यांना नुसतं धान्य देऊन वाटेला लावू नका, तुमचं पान उघडायला सांगा.