स्वाक्षरित छायाचित्रांचे साधनमूल्य : आफ्रिकी-अमेरिकन लष्करी वैमानिकांच्या संदर्भात

मार्च १९४५ मध्ये टोनी फ्रिसेल ह्या अमेरिकन छायाचित्रकर्तीने इटलीतील रामितेल्ली येथील विमानतळावर ३३२ व्या लढाऊ विमानगटाची छायाचित्रे घेतली. मोहिमेपूर्वी सूचना ऐकत बसलेले वैमानिक, गटप्रमुख कर्नल बेंजामिन ओ. डेव्हिस (धाकटे), लाल शेपटीची मस्टँग विमाने हे सारे त्या चित्रांत आले आहे. पुढे हा संग्रह वॉशिंग्टन येथील काँग्रेसच्या ग्रंथालयात दाखल झाला व त्यांच्या प्रती कोणालाही मिळू लागल्या. अशा युद्धकालीन चित्राच्या प्रतीवर त्यातील वैमानिकाने वार्धक्यात स्वाक्षरी केली, तर एकाच कागदावर दोन काळ एकत्र येतात. चित्र १९४५ चे असते; अक्षर अर्धशतकानंतरचे. संग्राहक पुष्कळदा ह्या दोहोंना एकच मानतो. अभ्यासकाने तसे मानून चालणार नाही.

ह्या दोन काळांमध्ये एवढे अंतर पडण्याचे कारण इतिहासातच आहे. १९२५ साली अमेरिकन सैन्याच्या युद्ध महाविद्यालयात तयार झालेल्या अहवालाने कृष्णवर्णीयांना बुद्धीने व धैर्याने उणे ठरविले होते. वैमानिक म्हणून त्यांना सैन्यात प्रवेश नव्हता. १९४१ साली अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे त्यांच्यासाठी स्वतंत्र, म्हणजे वर्णभेदावरच आधारलेले, प्रशिक्षण सुरू झाले आणि ७ मार्च १९४२ रोजी पहिल्या वर्गातून पाच जण उत्तीर्ण झाले : डेव्हिस, लेम्युएल कस्टिस, जॉर्ज रॉबर्ट्स, चार्ल्स डीबो व मॅक रॉस. १९४६ पर्यंत ही संख्या हजाराच्या आसपास गेली. युद्ध संपल्यावर मात्र हे वैमानिक ज्या देशात परतले तेथे भेदभाव तसाच होता. सैन्यातील भेद संपविण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी १९४८ साली काढला. काँग्रेसचे सुवर्णपदक ह्या वैमानिकांना २००७ साली मिळाले. स्वाक्षरी मागणाऱ्यांची गर्दी झाली ती बव्हंशी ह्या उत्तरकाळात, आणि म्हणूनच उपलब्ध स्वाक्षऱ्यांत वृद्धांच्या हातचे अक्षर अधिक आढळते.

तेव्हा पहिला प्रश्न स्वाक्षरीच्या कालनिर्णयाचा. मोडी पत्राचा अस्सलपणा ठरविताना अभ्यासक कागद, वळण, शिक्का व मायना यांची एकमेकांशी सांगड घालतो. येथेही रीत तीच आहे. सहीखाली लिहिलेला हुद्दा हा सर्वांत सोपा पुरावा. डेव्हिस १९४४ साली कर्नल झाले, १९५४ साली ब्रिगेडियर जनरल (अमेरिकन हवाई दलातील हा मान मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णी अधिकारी), १९५९ साली मेजर जनरल, १९६५ साली लेफ्टनंट जनरल. १९७० साली ते निवृत्त झाले आणि १९९८ साली निवृत्तांच्या यादीवर त्यांना चौथा तारा मिळाला. २००२ साली त्यांचे निधन झाले. सहीबरोबर हुद्दा असेल, तर ही शिडीच तिचा काळ सांगते. ‘टस्कीगी एअरमन’ हे शब्दही असेच उपयोगी पडतात. हे नाव १९५५ च्या सुमारास चार्ल्स फ्रान्सिस यांच्या पुस्तकाच्या शीर्षकातून पुढे आले व १९७२ साली माजी सैनिकांची संघटना स्थापन झाल्यावर रूढ झाले. युद्धकालीन म्हणून दाखविल्या जाणाऱ्या सहीखाली ते आढळले तर संशय घ्यावयास हवा.

साहित्याची साक्ष याहून निर्विकार असते. अमेरिकेत बॉलपेन सर्रास विक्रीस आले ते ऑक्टोबर १९४५ मध्ये; फेल्टच्या टोकाची लेखणी तर १९६० नंतरची. छायाचित्राच्या कागदात शुभ्रतेसाठी प्रकाशक द्रव्ये घालण्याची पद्धत १९५० नंतरच्या दशकात पडली, आणि अतिनील दिव्याखाली असा कागद निळसर चमकतो. चमकणारी प्रत १९४४ ची असणे शक्य नाही. अर्थात तेवढ्यावरून सही बनावट ठरत नाही. नंतर काढलेल्या प्रतीवर खऱ्या वैमानिकाने केलेली सही अस्सलच असते. खोटी असते ती विक्रेत्याने जोडलेली तारीख. मोठ्या पदावरील व्यक्तींच्या कार्यालयांत सही करणारे यंत्र वापरण्याची प्रथा होती, हेही ध्यानी घ्यावे. माणसाची कोणतीही दोन अक्षरे तंतोतंत जुळत नाहीत. दोन सह्या एकमेकींवर ठेवून रेषेला रेष मिळाली, तर ते यंत्राचे काम समजावे.

याहून महत्त्वाचा, आणि संग्राहकांनी फारसा न विचारलेला, प्रश्न असा की ह्या संग्रहांत कोण नाही? मॅक रॉस जुलै १९४४ मध्ये इटलीत विमान अपघातात मरण पावले. पहिल्या वर्गातील पाचही जणांच्या सह्या असलेला कागद कोठे निघालाच, तर तो त्या तारखेपूर्वीचाच असला पाहिजे. साठांहून अधिक वैमानिक युद्धात कामी आले. पहिला आफ्रिकी-अमेरिकन लष्करी वैमानिक यूजीन बुलार्ड १९१७ साली लढला तो फ्रान्सच्या वतीने. १९६१ साली न्यूयॉर्कमध्ये त्याचा मृत्यू झाला, आणि अमेरिकन हवाई दलाने त्याला अधिकारपद दिले ते १९९४ साली, मरणोत्तर. नौदलाचे वैमानिक-प्रशिक्षण पूर्ण करणारा पहिला कृष्णवर्णी तरुण जेसी ब्राउन ४ डिसेंबर १९५० रोजी कोरियात चोसिन जलाशयाजवळ, वयाच्या २४ व्या वर्षी मरण पावला. याउलट चार्ल्स मॅक्गी १०२ वर्षे जगले, तीन युद्धांत ४०९ मोहिमांवर गेले आणि २०२२ साली वारले. बाजारात किंमत ठरते ती ह्या आयुर्मानाच्या फरकावरून. कर्तृत्वाशी तिचा संबंध थोडा. यांत्रिक, शस्त्रागाराचे सेवक, परिचारिका यांच्या सह्या तर क्वचितच कोणी मागितल्या, जरी त्यांच्यावाचून एकही विमान उडाले नसते.

स्वाक्षरीसोबत लिहिलेला मजकूर हा स्वतंत्र विचाराचा विषय आहे. ३३२ व्या गटाच्या संरक्षणाखालील एकही बाँबफेकी विमान शत्रूने पाडले नाही, ही समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. २००६ नंतर हवाई दलाच्याच दप्तरांवरून झालेल्या संशोधनात अशी किमान पंचवीस विमाने गमावल्याचे दिसून आले. त्या काळातील इतर गटांच्या मानाने हा आकडा कमीच आहे. एखाद्या छायाचित्रावर ती जुनी समजूत वैमानिकाच्या हातची लिहिलेली आढळली, तर तिला घटनेचा पुरावा मानू नये. त्या माणसांनी स्वतःची आठवण कशी जपली याचा पुरावा म्हणून मात्र ती अमोल आहे.

सही ह्या क्रियेला त्यांच्या जीवनात आणखी एक अर्थ होता. एप्रिल १९४५ मध्ये इंडियाना राज्यातील फ्रीमन फील्ड ह्या तळावर कृष्णवर्णी अधिकाऱ्यांना क्लबात प्रवेश नाकारणारा नियम काढण्यात आला व तो वाचून समजल्याची सही प्रत्येकाकडून मागण्यात आली. १०१ अधिकाऱ्यांनी ती देण्याचे नाकारले. युद्धकाळात वरिष्ठाची आज्ञा मोडण्याची शिक्षा मृत्युदंडापर्यंत जाऊ शकते हे ठाऊक असूनही ते अटकेत गेले. त्यांच्या नोंदींवरील ठपके पुसण्यास हवाई दलाने १९९५ साली आरंभ केला.

आता युद्धात लढलेल्यांपैकी फारच थोडे हयात आहेत. नव्या सह्या जवळजवळ थांबल्या असून जुने कागद हातोहात फिरत आहेत. ह्या फेरबदलात लिफाफे फेकले जातात, सोबतची पत्रे वेगळी विकली जातात आणि चौकटीत बसविताना छायाचित्राची पाठ कायमची झाकली जाते. वस्तुतः टपालाचा शिक्का, पाठीवरील पेन्सिलीची टीप, छायाचित्रालयाचा ठसा हेच तारखेचे खरे आधार होत. संग्रहालयाने असे चित्र स्वीकारताना दोन्ही बाजूंची नोंद करावी, सही व चित्र यांच्या तारखा निरनिराळ्या रकान्यांत लिहाव्यात आणि पूर्वीच्या मालकाने ते कोठे व कसे मिळविले हे त्याच्याकडून लेखी घ्यावे.