ऐतिहासिक विचार, प्राथमिक शिक्षणातील
गतकालीन घटनांचा क्रम लावणे, त्यांतील बदल व सातत्य ओळखणे, कारणे शोधणे आणि ‘हे कशावरून कळले?’ असे विचारून पुरावा तपासणे, या बौद्धिक क्रियांना एकत्रितपणे ऐतिहासिक विचार म्हणतात. केवळ सनावळ्यांच्या पाठांतराने तो साधत नाही. कोणताही विषय त्याच्या गाभ्याला धक्का न लावता कोणत्याही वयाच्या मुलास शिकविता येतो, असे जेरोम ब्रूनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये प्रतिपादिले. महाराष्ट्रात २०१५ मध्ये आलेल्या इयत्ता पाचवीच्या परिसर अभ्यास (भाग २) या पाठ्यपुस्तकात इतिहास म्हणजे काय आणि कालसंकल्पना या पाठांना प्रथम स्थान देण्यात आले.

लहान मुलांना शतकांची कल्पना करणे अवघड जाते. पिढ्यांचा क्रम मात्र सहज उमगतो. त्या दृष्टीने गोंदिया जिल्ह्याचे उदाहरण उद्बोधक आहे. आमगाव येथे १९५२ मध्ये जन्मलेल्या आजीचा जन्म मध्य प्रदेश राज्याच्या भंडारा जिल्ह्यातला ठरतो. हा प्रदेश १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. त्यामुळे १९८० मध्ये त्याच घरी जन्मलेल्या मुलाचा जिल्हा भंडारा, पण राज्य महाराष्ट्र. १ मे १९९९ रोजी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला व तोच नातवंडांचा जन्मजिल्हा होय. घर न हलता पत्ता का बदलला, या प्रश्नातून काल, बदल व कारण या तिन्ही संकल्पना मुलांपुढे येतात.

पुराव्याच्या विचारासाठी नवेगाव बांध येथील तलाव उपयुक्त ठरतो. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असे मानतात. भोवतालच्या सात टेकड्यांशी सात बहिणींची लोककथा निगडित आहे. बांध पाहून काय कळते, कथेतून काय कळते आणि कोणती गोष्ट अन्य साधनांनी पडताळावी लागेल, असे वर्गीकरण मुले करू शकतात. यात लोककथा खोटी ठरविणे हा हेतू नसून, लोकांनी काय जपले याचा पुरावा म्हणून ती वाचणे अभिप्रेत असते.

मूल्यमापनात उत्तराइतकेच त्यामागील कारणाला महत्त्व द्यावे लागते. ऐकलेले जसेच्या तसे सांगणे ही पहिली पायरी. माहितीचे साधन सांगणे ही दुसरी. दोन साधनांची तुलना करून सकारण मत देणे ही तिसरी. महाराष्ट्रात २०१० पासून लागू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनातील निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प इ. आकारिक साधने यासाठी सोयीची आहेत. घरी पोवारी, गोंडी वा हिंदी बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत तोंडी उत्तरांना विशेष महत्त्व असते. अन्यथा प्रमाण मराठीतील लेखनाची उणीव ही विचाराची उणीव समजली जाण्याचा धोका संभवतो.