न बांधलेले घरटे : दख्खनच्या दरडीतील शृंगी घुबड

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातले टेंभुर्णी हे गाव पुणे-सोलापूर महामार्ग, ऊस आणि जवळचे उजनी धरण यांमुळे ओळखले जात असले, तरी बागायतीचा पट्टा संपल्यावर लागणारा माळ, त्याला चिरत भीमेकडे उतरणारे ओढे आणि पावसाने कातरलेल्या त्यांच्या मातीच्या दरडी, अशी जी भूरचना या भागात दिसते, ती दख्खनच्या पठारावरील एका मोठ्या पण फारशा परिचित नसलेल्या पक्ष्याला नेमकी मानवणारी आहे. हा पक्षी म्हणजे शृंगी घुबड. वाड्यांच्या आणि देवळांच्या पडक्या भागांत राहणारे पांढुरक्या चेहऱ्याचे गव्हाणी घुबड किंवा गावाकडच्या झाडांच्या ढोलीत राहणारा चिमुकला पिंगळा सर्वांच्या पाहण्यातला असतो. शृंगी घुबड मात्र दिवसभर कपारीत निश्चल बसून राहत असल्याने दहा पावलांवरूनही सहसा दिसत नाही.

फ्रँकलिन या इंग्रज निसर्गअभ्यासकाने 1831 मध्ये या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले, परंतु त्यानंतर दीर्घकाळ त्याला युरोप-आशियातील मोठ्या घुबडाची उपजात समजले जाई आणि ‘बुबो बेंगालेन्सिस’ ही स्वतंत्र जाती म्हणून त्याला सर्वमान्यता अलीकडे मिळाली. त्याची लांबी सुमारे अर्धा मीटर भरते. पिवळसर तपकिरी अंगावर काळ्या रेघा व ठिपके, फिकट चेहऱ्याभोवती काळी कड, नारिंगी डोळे आणि पिसांनी झाकलेले पाय, असे त्याचे रूप आहे. ज्यांवरून त्याला ‘शृंगी’ म्हणतात ती शिंगे म्हणजे डोक्यावरचे पिसांचे दोन तुरे असून त्यांचा ऐकण्याशी काही संबंध नाही. खरे कान डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांखाली दडलेले असतात.

साधारणतः नोव्हेंबर ते एप्रिल हा त्याचा विणीचा काळ होय. या काळात ज्याला घरटे म्हणायचे ते वस्तुतः बांधलेलेच नसते, कारण मादी काडी-कचरा न जमवता दरडीतील खोबणीत, खडकाच्या कंगोऱ्यावर किंवा प्रसंगी झुडपाच्या आडोशाला सपाट जमिनीवर, उघड्या मातीतल्या उथळ खळगीत बहुधा दोन ते चार मळकट पांढरी, गोलसर अंडी घालते. अंडी उबवण्याचे काम मादीचे आणि तिला भक्ष्य पुरवण्याचे नराचे. पहिल्या अंड्यापासूनच उबवणे सुरू होत असल्यामुळे सुमारे तेहतीस दिवसांनी पिल्ले एकदम न निघता मागेपुढे निघतात, आणि म्हणून एकाच खळगीत पांढऱ्या लवीने झाकलेली लहानमोठी भावंडे शेजारी शेजारी बसलेली आढळतात. नीट उडता येण्याआधीच ती पायी इकडेतिकडे भटकू लागतात आणि पुढे जवळजवळ सहा महिने आईबापांवर अवलंबून राहतात.

अशी जागा ओळखण्याची खूण म्हणजे तिच्याखाली पडलेल्या गोळ्या. न पचलेले केस आणि हाडे यांचा घट्ट गोळा करून घुबड तो तोंडावाटे बाहेर टाकते, आणि वाळलेली अशी गोळी हलकेच फोडली की राखाडी केसांच्या लगद्यातून उंदराचा जबडा आणि त्यातले नारिंगी पटाशीचे दात जसेच्या तसे हाती येतात. पक्षी-अभ्यासक डॉ. सतीश पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनमध्ये या पक्ष्याच्या विणीचा जो अभ्यास केला, त्यातून शेतीचा परिसर व तेथील उंदीर-घुशी यांच्याशी त्याचे प्रजनन निगडित असल्याचे दिसून आले. शेतकऱ्याच्या हिशोबात हे घुबड जमेच्या बाजूला धरले पाहिजे.

लोकसमजुतींनी मात्र ते खर्चाच्या बाजूला मांडले आहे. त्याचा ‘बु-बोऽ’ असा खोल, दोन स्वरांचा घुमारा अशुभ मानला जातो, तसेच घुबडाला मारलेला दगड ते उचलून घासत बसते आणि दगड झिजेल तसा मारणारा माणूसही झिजतो, असे म्हटले जाते. ही दुसरी समजूत भाबडी असली तरी तिने काही दगड हातातल्या हातात थांबवले असावेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबडाची शिकार आणि व्यापार हे दोन्ही गुन्हे ठरवले असले, तरी जादूटोण्यासाठी घुबडे पकडण्याचे प्रकार पुरते थांबलेले नाहीत, आणि पुरंदर तालुक्यातील पिंगोरी येथे इला फाउंडेशन या संस्थेने भरवलेल्या उलूक उत्सवामागे हीच पार्श्वभूमी आहे.

हे घुबड तीच खोबण वर्षानुवर्षे वापरते, हा त्याच्या स्वभावाचा भाग दरड शाबूत असेपर्यंत सोयीचा असतो. परंतु मुरमासाठी किंवा रान सपाट करण्यासाठी जेसीबी लागतो तो उन्हाळ्याच्या तोंडाला, म्हणजे पिल्ले अजून जमिनीवर असतात तेव्हा, आणि काडीचेही बांधकाम नसल्याने तेथे घरटे होते हे यंत्र चालवणाऱ्याला कळतही नाही.