सारक आणि रेचक

बद्धकोष्ठतेवर घरगुती उपचार करण्याची प्रथा भारतात फार जुनी आहे. इसबगोल, सोनामुखी, त्रिफळा, एरंडेल ही नावे बहुतेक कुटुंबांना परिचित असतात. आणि ही द्रव्ये वनस्पतिजन्य असल्यामुळे सारखीच निरुपद्रवी आहेत, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः वनस्पतीपासून मिळणे एवढेच त्यांच्यातील साम्य होय. पोटात गेल्यावर त्यांचे कार्य भिन्न रीतींनी चालते, आणि निवड करावयाची ती या कार्यावरूनच केली पाहिजे.

इसबगोलाचे पीक गुजरात आणि राजस्थानच्या कोरड्या भागांत हिवाळ्यात घेतात. उत्तर गुजरातेतील उंझा ही त्याची प्रमुख बाजारपेठ आहे. बीच्या आकारावरून त्याला ‘घोड्याचा कान’ या अर्थाचे फारसी नाव मिळाले. पीक पक्व झाल्यावर पाऊस आला तर मोठे नुकसान होते, कारण बीच्या सालीत पाणी शोषून फुगण्याची विलक्षण शक्ती असते. शेतकऱ्याला घातक ठरणारा हाच गुण रुग्णाला उपकारक ठरतो. दळून व पाखडून वेगळी केलेली ही साल बाजारात ‘भुसी’ म्हणून मिळते. ती बहुतांशी पचत नाही. आतड्यात पाणी धरून ठेवते, मळ मऊ करते आणि त्याचे आकारमान वाढवते. त्यामुळे आतड्याच्या स्वाभाविक हालचालीला चालना मिळते. गुण येण्यास 12 ते 72 तास लागतात. पातळ मलातील जास्तीचे पाणीही ती शोषते, म्हणून जुलाबातही तिचा उपयोग होतो.

मात्र भुसी पुरेशा पाण्याखेरीज घेणे धोक्याचे आहे. घशात किंवा अन्ननलिकेत ती फुगल्यास मार्ग बंद होऊ शकतो. म्हणून दर वेळी पेलाभर पाणी आवश्यक असते. ज्यांना गिळण्यास त्रास होतो, त्यांनी ती टाळावी. इतर औषधे आणि भुसी यांच्यात सुमारे दोन तासांचे अंतर ठेवणेही हिताचे असते.

सोनामुखीचे कार्य याहून सर्वस्वी निराळे आहे. तामिळनाडूतील तिरुनेलवेलीच्या परिसरात या झुडपाची लागवड पूर्वापार होत आली आहे. त्याच्या पानांतील व शेंगांतील सेनोसाइड नावाच्या द्रव्यांचे मोठ्या आतड्यातील जीवाणू विघटन करतात आणि त्यातून निर्माण होणारे पदार्थ आतड्याला उत्तेजित करतात. रात्री घेतलेल्या मात्रेचा परिणाम 6 ते 12 तासांत, म्हणजे सकाळी दिसतो. प्रसंगविशेषी हे औषध उपयुक्त आहे; परंतु त्याने पोटात मुरडा येऊ शकतो, आणि अतिसेवनाने शरीरातील पोटॅशियम घटून स्नायू दुर्बल होतात व हृदयाचे स्पंदनही बिघडू शकते. अनेक तयार चूर्णांत सोनामुखी असते. नित्य चूर्ण घेणाऱ्याने वेष्टनावरील घटक वाचले पाहिजेत, ते याचसाठी.

हिरडा, बेहडा व आवळा यांची त्रिफळा सामान्यतः सौम्य मानली जाते; मात्र इसबगोलाइतका तिचा आधुनिक पद्धतीने अभ्यास झालेला नाही. एरंडेल मात्र तीव्र आहे. त्यातील रिसिनोलिक आम्ल लहान आतड्यापासूनच कार्य करू लागते आणि काही तासांतच जुलाब होतात. गर्भवतींनी ते घेऊ नये.

पोट दुखू लागताच एरंडेल पाजण्याची रीत तर त्याज्यच समजली पाहिजे. ते दुखणे आंत्रपुच्छाच्या दाहाचे असल्यास रेचकाने आंत्रपुच्छ फुटण्याचा संभव असतो, आणि त्यात प्राणावर बेतते. कारण न कळलेल्या पोटदुखीवर कोणतेही रेचक देऊ नये. त्याचप्रमाणे मळातून रक्त जाणे, वजन घटणे किंवा उतारवयात शौचाच्या सवयी एकाएकी बदलणे, ही लक्षणे आढळल्यास चूर्ण बदलून पाहण्यात वेळ न दवडता वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

सारक आणि रेचक असे दोन शब्द मराठीत पूर्वीपासून आहेत. पहिला मळाला वाट करून देतो, दुसरा त्याला बळाने बाहेर काढतो. ज्याच्या आहारात भाकरी, डाळी, भाज्या व पाणी पुरेसे आहे, त्याला बहुधा दोहोंचीही गरज पडत नाही. गरज पडलीच तर प्रारंभ सारकाने करावा. रेचकाचा उपयोग क्वचित आणि अल्पकाळच करावा.