ब्राउझरने पोटात घातलेल्या चुका

वेबपान म्हणजे मुळात साध्या मजकुराची फाईल असते, आणि तिच्यातील कोणता भाग मथळा, कोणता परिच्छेद व कोणता तक्ता हे ब्राउझरला कळावे म्हणून मजकुराच्या मागेपुढे घातलेल्या खुणांना टॅग म्हणतात. या खुणांची भाषा, म्हणजे एचटीएमएल, टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत घडवली. तिचे नियम प्रमाणित करण्याचे काम पुढे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमकडे आले. एकात एक असलेले टॅग उलट्या क्रमाने बंद करावेत, एकच ओळखनाव पानात दोन घटकांना देऊ नये, अशा प्रकारचे हे नियम पाळले गेले आहेत की नाहीत, हे व्हॅलिडेटर नावाचा तपासनीस प्रोग्राम सांगतो. जुने पान त्याच्यापुढे ठेवले की बहुधा चुकांची लांबलचक यादी निघते, आणि तरीही तेच पान ब्राउझरमध्ये बिनतक्रार उमटते.

या उदारतेमागे बाजारपेठ होती. नव्वदच्या दशकात नेटस्केप आणि इंटरनेट एक्सप्लोरर यांच्यात चुरस लागलेली असताना जो ब्राउझर सदोष पान दाखवण्यास नकार देईल त्यालाच वाचक सोडून जाणार, हे उघड होते. म्हणून प्रत्येकाने लेखकाच्या मनात काय असावे याचा अंदाज बांधून पान दाखवले, मात्र हे अंदाज एकमेकांशी जुळत नव्हते. २००० मध्ये आलेल्या एक्सएचटीएमएलने शिस्तीचा मार्ग धरला: एक टॅग चुकला तरी पानाऐवजी त्रुटीचा संदेश दिसावा. प्रत्यक्षात बहुतेक संकेतस्थळांनी ही पाने साधे एचटीएमएल म्हणूनच पाठवली आणि ती शिस्त कागदावरच राहिली. ॲपल, मोझिला आणि ऑपेरा यांच्याशी संबंधित मंडळींनी २००४ मध्ये सुरू केलेल्या कामातून पुढे एचटीएमएल ५ साकारले, आणि त्यात कोणत्या चुकीला ब्राउझरने नेमके काय करावे हेही नोंदवले गेले, म्हणजे अशुद्धलेखनाचेच व्याकरण लिहिले गेले. उदाहरणार्थ, तक्त्याच्या आत पण कोणत्याही खणाच्या बाहेर लिहिलेले वाक्य ब्राउझर उचलून तक्त्याच्या आधी ठेवतो. त्यामुळे पानावर वर दिसणारे वाक्य मूळ फाईलमध्ये बरेच खाली सापडते आणि दुरुस्ती करणारा चुकीच्या जागी शोधत बसतो.

चुकांच्या संख्येवरून पानाची अवस्था ठरवणे त्यामुळेच फसवे असते. वरच्या बाजूला न मिटलेला एकच टॅग खाली डझनभर तक्रारी निर्माण करू शकतो; म्हणून यादीतील पहिली चूक सुधारून पान पुन्हा तपासणे आणि मगच पुढे सरकणे हा शहाणपणाचा क्रम होय. पहिल्या ओळीतील डॉक्टाइप, म्हणजे पान प्रमाणित नियमांनी वाचावे अशी घोषणा, नसेल तर ब्राउझर क्वर्क्स मोड या जुन्या पद्धतीत जातो. ही अदलाबदल २००० मध्ये मॅकवरच्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये प्रथम आली. ३०० पिक्सेल रुंदीच्या चौकटीला दोन्ही बाजूंना २० पिक्सेलची आतली मोकळी जागा आणि ५ पिक्सेलची कडा दिली, तर प्रमाणित हिशेबाने ती ३५० पिक्सेल जागा व्यापते, तर विंडोजवरचा इंटरनेट एक्सप्लोरर ५ तिला ३०० मध्येच बसवत असे. जुन्या वागणुकीच्या आधाराने जुळवलेली मांडणी नुसता डॉक्टाइप घालताच विसकटू शकते, म्हणून तो बदल मांडणीच्या पुनर्लेखनाबरोबरच करणे इष्ट ठरते.

मांडणीचा जुना आजार म्हणजे टेबल टॅग. तो आकडेवारीच्या तक्त्यांसाठी होता. परंतु रंग, अंतर व रचना यांचे वर्णन वेगळे लिहिण्याची सीएसएस ही भाषा डिसेंबर १९९६ मध्ये प्रमाणित होऊनही ब्राउझरांना ती बराच काळ धड कळत नव्हती, आणि तोवर रचनाकारांनी टेबलात टेबल घालून स्तंभ पाडले व एका पिक्सेलची पारदर्शक चित्रे ताणून हवी तेवढी मोकळी जागा राखली. त्या काळी हा नाइलाज होता, त्याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. मार्च २०१७ पासून प्रमुख ब्राउझरांत सीएसएस ग्रिड आल्यावर मात्र त्याचे कारण उरलेले नाही. येथे एक अतिरेकही आढळतो: प्रत्येक खणाच्या जागी अर्थहीन डिव्ह टॅग टाकायचा, शिवाय खऱ्या आकडेवारीचे तक्तेही मोडायचे. याने व्हॅलिडेटरचे समाधान होते, पण दृष्टिहीनांसाठी पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला मथळा, सूची आणि मुख्य मजकूर यांतील फरक पूर्वीइतकाच अज्ञात राहतो.

व्हॅलिडेटरला चित्राचे पर्यायी वर्णन नसल्याचे कळते, ते चुकीचे असल्याचे कळत नाही. सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी २.२ या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांतून टॅग शुद्ध असण्याचा स्वतंत्र निकषच वगळण्यात आला, कारण ब्राउझर आता त्या चुका एकसारख्या हाताळतात. मराठी पानांना दोन दुरुस्त्या अधिक लागतात. पानाची भाषा ‘एमआर’ या संकेताने नोंदवली तर स्क्रीन रीडरला मराठी आवाज निवडता येतो, आणि ज्या फॉन्टमध्ये सोय असेल तेथे ल व श ही अक्षरे हिंदीऐवजी मराठी वळणाने उमटतात. दुसरी दुरुस्ती अधिक नाजूक आहे. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या अनेक मराठी संकेतस्थळांचा मजकूर रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरी आकार बसवलेल्या खास फॉन्टमध्ये साठवलेला असे, आणि कालबाह्य म्हणून फॉन्ट टॅग आधीच काढून टाकला तर वाचकापुढे निरर्थक रोमन अक्षरांची रांग येते. टॅग काढण्याआधी मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व इकार दिसतो तसा व्यंजनाआधी टंकलेला असतो, तर युनिकोडमध्ये तो व्यंजनानंतर साठवला जातो, आणि रफाराची जागाही बदलते, त्यामुळे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामनंतर मराठी जाणणाऱ्या मुद्रितशोधकाची फेरी टाळता येत नाही.