पसंतीक्रम भरताना पोराचं ऐका



आपल्या कार्यक्षेत्रातील कितीतरी घरची मुलंमुली उसाच्या बिलावर पुण्यात राहून राज्यसेवेचा अभ्यास करतात. पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत हे तीन टप्पे पार पडले म्हणजे घरच्यांना वाटतं, गंगेत घोडं न्हालं. पण एक काम उरतं : पदांचा पसंतीक्रम. घोळ होतो तो इथंच.

लोकसेवा आयोगाची पद्धत साधी आहे. गुणवत्ता यादीत वरचा उमेदवार आधी. आपली पाळी आली की त्याच्या यादीतलं पहिलं पद पाहायचं; त्याच्या प्रवर्गाची जागा शिल्लक असेल व तो पात्र असेल तर ते मिळालं. नसेल तर दुसरं, मग तिसरं. म्हणून उपजिल्हाधिकारी पहिलं लिहिल्याने तहसीलदारपद हुकत नाही. 'आपल्याला एवढं कुठलं मिळतंय' म्हणून मनातलं पद खाली ढकलू नये. आणि जे पद लिहिलंच नाही, ते मिळणारही नाही.

आता घरातली ओढाताण. वडील म्हणतात तहसीलदार हो, कारण बांधाचा वाद आणि फेरफार डोळ्यांसमोर असतो. मामा म्हणतात पोलीस उपअधीक्षक. पण त्या पदाला पुरुषांना १६५ व महिलांना १५७ सेंटिमीटर उंची लागते, शिवाय रात्री-अपरात्री धावपळ. गटविकास अधिकाऱ्याला पंचायत समिती सांभाळायची, सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाला १९६० चा सहकार कायदा. आपल्या सोसायटीच्या निवडणुका व तंटे अशाच कचेरीत जातात. ते काम हलकं कसं म्हणावं? बढतीही पाहावी : तहसीलदार पुढे उपजिल्हाधिकारी होऊ शकतो, उपजिल्हाधिकारी भारतीय प्रशासन सेवेत जाऊ शकतो.

जे पद मिळालं तरी रुजू व्हायचं नाही, ते यादीत घालू नये. आपण अडवलेली जागा दुसऱ्या कुणाच्या तरी पोराची असते. भरतीतून बाहेर पडण्याचा पर्यायही आयोगाने दिला आहे. तो मुदतीत वापरावा. त्या वर्षीची जाहिरात व सूचना मात्र स्वतः वाचाव्यात.

जमीन पाहून आपण बेणं निवडतो. शेजाऱ्याने लावलं म्हणून नाही. तीस वर्षं खुर्चीत पोरगं बसणार आहे, आपण नाही. माहिती द्यावी, चार गोष्टी सांगाव्यात, पण क्रम त्याला लावू द्यावा, अशी आमची सर्व सभासदांना कळकळीची विनंती आहे.